वाचनालयाचा सर्व्हर पुरात गेला. क्लाउडवर काय न्यावं, काय नको?

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)
नमस्कार मंडळी. मी इथल्या एका जुन्या मराठी वाचनालयाचा हिशेब आणि संगणक बघतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी दोन तास बसतो, मानधन नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. आदल्या रात्री आम्ही चौघांनी पुस्तकं वरच्या फळ्यांवर चढवली, सर्व्हरच्या कपाटाचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर सीपीयूच्या जाळीतून चिखल ओघळत होता. बॅकअपची हार्डडिस्कही त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात.

ग्रंथसूचीची २०२२ ची प्रत एका पेनड्राइव्हवर मिळाली. पुढच्या दोन वर्षांच्या नोंदी दाखल नोंदवहीवरून पुन्हा टाइप केल्या, त्यात सहा महिने गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात गावोगावी वाचनालयं उभी केली, तिथं आमच्या हातून सूची जावी, हे फार लागलं.

आता क्लाउडवर जायचं ठरलंय. १८ हजार पुस्तकं, साडेसहाशे सभासद, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, हिशेबाला टॅली आणि जुन्या मासिकांची सुमारे ४० हजार पानं स्कॅन करायची आहेत. एका पुरवठादारानं क्लाउडवर भाड्याचं एकच मोठं विंडोज मशीन, त्याला एक टीबी डिस्क, चोवीस तास चालू, असं कोटेशन दिलंय. वर्षाचे ९० हजार. कार्यकारिणी ३० च्या वर जाणार नाही. काय करावं?

इंदूरची_अ‍ॅडमिन
काका, ते कोटेशन परत करा. कोहा लिनक्सवर चालतं, डेबियन किंवा उबंटूवर. त्याच्यासाठी विंडोज घेतलं तर त्या परवान्याचं भाडंही दर तासाला तुमच्याच बिलात येणार. आणि डिस्कचं भाडं मशीन बंद असतानाही चालू राहतं, हे बहुतेक पुरवठादार सांगत नाहीत.

तुमची कामं तीन आहेत, त्यांना एका दावणीला बांधू नका. कोहाला लहान लिनक्स मशीन पुरे. मी एका कॉलेजचं कोहा दोन कोअर, चार जीबी मेमरीवर चालवते, पुस्तकं तुमच्याहून जास्त. टॅली ऑफिसच्या संगणकावरच राहू द्या, फक्त तिचा रोजचा बॅकअप वर जाऊ द्या.

खरा प्रश्न स्कॅनचा. ए-फोर पान ३०० डीपीआयवर रंगीत, न दाबता ठेवलं तर साधारण २६ एमबी. ४० हजार पानं म्हणजे एक टीबी. या न दाबलेल्या मूळ फाइली (टिफ) रोज कुणी उघडणार नाही, त्या डिस्कवर कशाला? ऑब्जेक्ट स्टोरेजच्या (क्लाउडवर नुसत्या फाइली साठवायची सोय) सगळ्यात थंड, म्हणजे क्वचित उघडायच्या फाइलींच्या स्वस्त कप्प्यात टाका. अ‍ॅमेझॉनच्या डीप आर्काइव्हमधून फाइल परत मागितली की १२ तासांपर्यंत थांबावं लागतं, आणि १८० दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या दिवसांचं भाडं लागतं. जपणुकीला ते चालतं. वाचकांना दाखवायला हलक्या जेपेग वेगळ्या करा. मुख्य प्रत मुंबईच्या केंद्रात ठेवा. दुसरी हैदराबादला ठेवता येईल, तिथं अ‍ॅमेझॉनचं केंद्र २०२२ पासून आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
ताईंनी तांत्रिक बाजू सांगितली. मी खात्याचं सांगतो, कारण त्यात आमची संस्था पोळली आहे. आमचं क्लाउड खातं एका उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावर होतं. तो परदेशी गेला, नंबर बदलला, ओटीपी येईना. स्वतःच्याच फाइली परत मिळवायला आम्हाला तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला. खातं संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या पॅनवर उघडा. दुहेरी पडताळणीच्या राखीव कोडांचा कागद सीलबंद पाकिटात घालून खजिनदारांच्या कपाटात ठेवा. बजेटचा अलार्म, म्हणजे बिल ठरलेल्या रकमेला पोचलं की येणारी सूचना, पहिल्याच दिवशी लावा, आमचा दोन हजारांवर आहे. आणि कार्डावरून आपोआप पैसे जाणार असतील तर १५ हजारांच्या वरच्या बिलाला दर वेळी ओटीपी लागतो, तो फोन कुणाच्या हातात असेल ते आधी ठरवा.

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)
दोघांचेही आभार. एक विचारायचं राहिलं, आमच्याकडे नेट अधूनमधून जातं. आणि अपलोड जेमतेम २० एमबीपीएस आहे.

इंदूरची_अ‍ॅडमिन
एक टीबीला अखंड चालवलं तरी साडेचार दिवसांच्या वर. रात्रीच चालवा, गठ्ठ्यागठ्ठ्यानं. नेट गेलं की देवघेव वहीत लिहा आणि आल्यावर भरा, तुमची पद्धत तीच होती ना. स्कॅनची एक प्रत स्वतःकडेही ठेवा, पण वरच्या मजल्यावर! आणि बॅकअप झाला म्हणून थांबू नका, एकदा परत उतरवून बघा.

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)
रविवारी करून पाहिलं. कोहाचा शनिवारचा बॅकअप एका रिकाम्या मशीनवर उतरवला. चाळीस मिनिटं लागली. पहिल्या खेपेला शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, पोटात गोळा आला. डेटाबेसचा अक्षरसंच चुकला होता, युटीएफ-८ एमबी-४ केल्यावर मराठी अक्षरं नीट आली. मग दाखल नोंदवही शेजारी उघडी ठेवून पंचवीस क्रमांक एकेक करून पडताळले. सगळे जुळले. लहान लिनक्स मशीन आणि थंड कप्पा असा प्रस्ताव बुधवारच्या बैठकीत ठेवतोय.