मदत हवी आहे: मातीतील पाण्यात शिसे मोजताना शिखर प्रत्येक फेरीत खुजे होत जाते

नमस्कार. मातीच्या रंध्रांतून शोषून काढलेल्या पाण्यातील शिसे आणि कॅडमियम मी अ‍ॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीने मोजत आहे (या पद्धतीत धातू आधी इलेक्ट्रोडवर जमवतात, मग विरघळवताना वाहणारा प्रवाह मोजतात; आलेखावर प्रत्येक धातूचे एक शिखर उमटते). ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर बिस्मथचा थर त्याच द्रावणातून बसवतो, ४.५ सामूच्या (pH) अ‍ॅसिटेट बफरमध्ये ढवळत ठेवून -१.२ व्होल्टला १२० सेकंद धातू जमवतो आणि मग स्क्वेअर वेव्हने (चौकोनी स्पंदांच्या व्होल्टेजने) ते पुन्हा विरघळवतो.

नुसत्या बफरमध्ये कॅडमियमचे शिखर -०.८ व्होल्टच्या आसपास आणि शिशाचे -०.५५ च्या आसपास, दोन्ही टोकदार आणि सुटी दिसतात. नमुना घातला, की शिशाचे शिखर बसके व रुंद होते, किंचित ऋण बाजूला सरकते आणि तोच नमुना पुन्हा मोजला तर आणखी उतरते. कॅडमियमला हा त्रास पुष्कळ कमी आहे. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळूनही फिकट तपकिरीच राहते, म्हणून माझा संशय ह्युमिक आणि फल्विक आम्लांवर, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यातून आलेल्या आम्लांवर, आहे.

अडचण अशी, की ही आम्ले दोन वाटांनी घात करू शकतात: शिशाला धरून ठेवून, किंवा इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर चिकटून. पाच फेऱ्यांनंतर इलेक्ट्रोड धुऊन, न घासता, स्वच्छ बफरमध्ये प्रमाण द्रावणासह तपासला, तेव्हाही शिखर खुजेच आले. अ‍ॅल्युमिनाने घासून नवा थर बसवल्यावर ते पूर्ववत झाले. म्हणजे पृष्ठभाग माखतो, एवढे नक्की. पण ताज्या इलेक्ट्रोडच्या पहिल्याच फेरीतही नमुन्यात शिसे वाढवत नेले, तर सुरुवातीच्या एक-दोन भरींना शिखर जेमतेम हलते आणि पुढच्या भरींना नीट वाढते. आम्लांतील शिसे धरणाऱ्या रिकाम्या जागा आधी भरत असाव्यात, असे मला वाटते, आणि तसे असेल तर प्रमाण-भर पद्धतीने (माहीत मात्रेचे शिसे घालून, शिखराच्या वाढीवरून मूळ प्रमाण काढून) काढलेला आकडा मी मुळीच खरा धरू शकत नाही.

सामू २ वर आणून, हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, क्वार्ट्झच्या नळीत अतिनील प्रकाशाने सेंद्रिय द्रव्य जाळल्यास एकूण शिसे मिळेल, हे मान्य आहे. मला मात्र मुळांना सहज उपलब्ध होणारा भागही वेगळा हवा आहे, आणि आम्ल घातले की बद्ध शिसे मोकळे होऊन तो भेदच पुसला जातो. खरे तर ४.५ सामूचा बफरही नमुन्याचा मूळ समतोल ढळवतो, याचीही मला चिंता आहे.

तेव्हा नमुना न जाळता पृष्ठभाग माखणे थांबवण्यासाठी थरावर नॅफिऑनचा (ऋणभारित बहुलकाचा) लेप कुणी वापरून पाहिला आहे का? जमवण्याचा वेळ १२० वरून ३० सेकंदांवर आणल्याने माखणे कमी होते, की केवळ संकेतच घटतो? आणि मूळ सामू राखून मोजायचे असेल, तर बिस्मथचा थर आधी वेगळ्या द्रावणात बसवून मग नमुन्यात नेणे टिकाऊ ठरते का?