राणीच्या बागेत हिवाळी पक्षी: फोटो काळे येतात, वटवटे ओळखू येत नाहीत

भायखळ्याचा_तांबट: क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ७०-३०० मिमी लेन्स. शेंड्यावरचा पक्षी टिपला की तो काळा ठिपका आणि मागे पांढरंधोप आकाश. पानांतल्या वटवट्यावर (छोटा, चळवळ्या पक्षी) फोकस बसत नाही, नेमका पुढच्या काडीवर बसतो. शटर १/२५० सेकंद, बाकी सगळं ऑटो. चुकतंय कुठे? आणि जानेवारीत कुठल्या झाडाखाली थांबावं?

उजेड_आधी: कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर आकाशाला बघून फोटो गडद करतो, म्हणून पक्षी काळा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) +१ ते +१.७ ठेवा, आकाश जळालं तर जळू द्या. पांढऱ्या बगळ्यासाठी उलट, −०.७. वटवट्यासाठी १/२५० फार संथ, किमान १/१०००. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, ऑटो आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) मर्यादा ६४००. फोटो दाणेदार झाला तर नंतर सावरता येतो, हललेला नाही. फोकस कंटिन्युअस (पक्षी हलला की सोबत हलणारा) आणि सगळ्यात लहान एकच बिंदू. पूर्ण चौकट ऑटोवर असली की कॅमेरा जवळची काडीच पकडणार.

मॅन्युअलवाला: +१ वर कायम विसंबू नका. तोच पक्षी आकाशासमोरून पानांसमोर उतरला की तेच +१ त्याला पांढरा करून टाकतं. त्याच्यावरचा उजेड तेवढाच असतो, बदलते पार्श्वभूमी. त्यापेक्षा मॅन्युअल: १/१०००, एफ/६.३, आयएसओ स्वतः ठरवा. कोवळ्या उन्हात ५००-६०० च्या आसपास, दाट सावलीत ३२००. ऊन-सावली बदलली की आयएसओचं चाक फिरवायचं, इतकंच. रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

आणि सूर्य पाठीशी घ्या. त्यासाठी झाडाला अर्धी चक्कर मारावी लागते, ती बरेच जण मारत नाहीत. मुंबईच्या हिवाळी धुरक्यात लांबचे फोटो मळकटच येतात, त्यावर कुठलीच लेन्स उपाय नाही. दहा-बारा मीटरच्या आतला पक्षी निवडा.

उंबराखाली: आधी झाड, मग पक्षी. फळलेला उंबर, वड किंवा पिंपळ सापडला की अर्धा तास तिथेच थांबा: हळद्या, तांबट, बुलबुल तिथेच येतात. जानेवारीच्या शेवटी पांगारा आणि काटेसावर फुलली की शिंजीर आणि भोरड्या. शिंजिरासाठी खालच्या फांदीवरच्या फुलावर आधीच फोकस लावून ठेवा. चालत्या माणसाची पक्ष्यांना फारशी पर्वा नसते, थबकून रोखून बघणाऱ्याची असते. म्हणून ते येण्याआधीच बूड टेका. मोबाइलवर आवाज वाजवून बोलवू नका.

वटवट्यांत रंगापेक्षा आवाज आणि जागा बघा. उंच पानांत, पंखावर बारीक फिकट पट्टी, डोळ्यावर लांब भुवई, दोन तुकड्यांचं ‘ची-वी’: हिरवट वटवट्या. झुडपात, साधा तपकिरी, पट्टी नाही, ‘चक् चक्’: ब्लिथचा वटवट्या. शेपूट वर उडवून ‘ट्रर्र’ करणारा माशीमार दिसला तर चोच बाजूने आणि शेपटीच्या बुडाची वरची पिसं टिपा. लाल छातीच्या माशीमाराच्या खालच्या चोचीचं बूड फिकट असतं. तैगा माशीमाराची चोच पूर्ण काळी आणि ती पिसं काळीकुळकुळीत. माद्यांत आणि पिल्लांत छाती लाल नसते, त्यामुळे समोरून काढलेला गोंडस फोटो इथे कुचकामी. कोतवाल सावलीत बसला असेल, डोळे लाल आणि पोट राखी असेल, तर तो राखी कोतवाल, हिवाळी पाहुणा.

भायखळ्याचा_तांबट: आभार. एसीच्या खोलीतून निघालं की पहिली दहा मिनिटं लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत येते. काय करावं?

उजेड_आधी: पुसू नका, काच गार आहे तोवर धरणारच. रात्री कॅमेरा एसी नसलेल्या खोलीत ठेवा, नाहीतर निघण्याआधी अर्धा तास बंद पिशवीतच बाहेर ठेवा. लेन्स मात्र तेव्हा अजिबात बदलू नका, नाहीतर आत सेन्सरवर दव बसतं. आणि बाग बुधवारी बंद असते.