उतारावर सायकलचं हँडल थडथडतं, मदत हवी आहे
मंडळी, रविवारी पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो. वेग ताशी ५०च्या आसपास गेला आणि हँडल एकाएकी डावी-उजवीकडे थडथडायला लागलं. घट्ट धरलं, तर आणखीच वाढलं! शेवटी दोन्ही गुडघे वरच्या दांडीला आवळले, हलके ब्रेक लावले, तेव्हा कुठे शांत झालं.

घरी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली, तर हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) किंचित टकटक जाणवते. चाक आऊट नाही, म्हणजे फिरताना डोलत नाही, स्पोकही सारखे ताणलेले वाटतात. मेकॅनिक म्हणतो, फ्रेमच बदला. मला पटत नाही. हँडलच्या पिशवीत दोन किलो स्ट्रॉबेरी होत्या (हसू नका), त्याचा परिणाम असेल का? आधी हेडसेट आवळू की पिशवी काढून पुन्हा उतरून बघू?