व्हिसलरच्या ‘फॉलिंग रॉकेट’ची मालकी १९४६ला थांबत नाही

असं म्हटलं जातं की अमेरिकी चित्रकार व्हिसलरच्या १८७५च्या ‘फॉलिंग रॉकेट’ या रात्रचित्राची मालकी १९४६मध्ये, म्हणजे डेक्स्टर फेरी (धाकटे) यांनी ते अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयाला दिलं तेव्हा, कायमची ठरली. त्याआधीचा क्रम असा: इंग्रज कलासमीक्षक रस्किनने चित्राला हिणवलं तेव्हा किंमत २०० गिनी (जुनं ब्रिटिश चलन) होती, १८९२मध्ये न्यूयॉर्कचे वकील सॅम्युएल अनटरमायर यांनी ८०० गिनी मोजल्या. पण पुढचं राहिलं. संग्रहालयाचा संग्रह शहराच्या मालकीचा होता आणि २०१३मध्ये शहरानेच दिवाळं जाहीर केलं. कर्जं फेडायला चित्रं विकायची का, यावर खरोखर चर्चा झाली. देणगीदारांनी आणि मिशिगन राज्याने शहराच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनांसाठी पैसे उभे केले, तेव्हा कुठे २०१४च्या अखेरीस संग्रह ना-नफा संस्थेच्या नावावर झाला.

त्या काळात मी मिशिगनमध्ये होते. बातमी वाचल्यावर मुद्दाम बघायला गेले. जेमतेम दोन फूट उंचीची लाकडी फळी, काळोखात विखुरलेल्या सोनेरी ठिणग्या, आणि खाली इतकी पुसट माणसं की त्यांच्यातून मागची जमीन दिसते. हे लिलावात गेलं असतं तर, या विचाराने पोटात गोळा आला होता.