मदत हवी आहे: पंख्यावर बिनतक्रार चालणारा ड्राइव्ह कन्व्हेयरवर कमी वेगाला ओव्हरलोड का होतो?

नमस्कार. मी कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. शिक्षण मेकॅनिकलचे असल्यामुळे बेअरिंग, गिअरबॉक्स आणि पट्टे यांतले मला बऱ्यापैकी कळते. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हबद्दलची माझी समज मात्र अपुरी आहे, म्हणून अडचण सविस्तर मांडतो.

आमच्या एका सेंट्रिफ्यूगल पंख्याला ७.५ किलोवॉटची, ४ पोलची मोटर आहे. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४.५ अँपिअर आणि १४४० आरपीएम असे आकडे आहेत. ड्राइव्ह बसवल्यापासून हा पंखा २० हर्ट्झवर दिवसभर चालतो, ड्राइव्हच्या डिस्प्लेवर करंट ५ ते ६ अँपिअरच्या वर जात नाही आणि मोटर हाताला फक्त कोमट लागते. हा अनुभव चांगला असल्यामुळे आम्ही तसाच ड्राइव्ह एका बेल्ट कन्व्हेयरवर बसवला. त्याची मोटरही अगदी तशीच आहे. पूर्वी हा कन्व्हेयर थेट लाइनवर पूर्ण वेगाने चालत असे आणि भरलेल्या पट्ट्यावर १२ अँपिअरच्या आसपास करंट घेत असे. आता पुढच्या मशीनचा वेग कमी झाल्यामुळे पट्टा १२ ते २० हर्ट्झच्या दरम्यानच चालवावा लागतो. वेळ वाचावा म्हणून मी पंख्याच्या ड्राइव्हमधले सगळे पॅरामीटर कीपॅडने कॉपी करून नव्या ड्राइव्हमध्ये टाकले.

रिकामा पट्टा १५ हर्ट्झवर व्यवस्थित फिरला. माल चढू लागला तसा तो मंदावत गेला, शेवटी जागीच थांबला आणि ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप झाला. त्यावर आमच्या इलेक्ट्रिशियनने व्होल्टेज बूस्ट, म्हणजे कमी वेगाला मोटरला मिळणारे जादा व्होल्टेज, १२ टक्के केले. आता भरलेला पट्टा ओढला जातो, पण डिस्प्लेवर १८ अँपिअर दिसतात, काही मिनिटांत ओव्हरलोडचा फॉल्ट येतो आणि तोवर मोटरच्या बॉडीवर तळहात टेकवता येत नाही. हाताने फिरवून पाहिले तर रोलर आणि बेअरिंग मोकळे आहेत, कुठे काही घासत नाही.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. वेग एक तृतीयांशाहूनही कमी झाला, म्हणजे काम कमी झाले. मग पंख्याप्रमाणे इथेही करंट उतरायला हवा होता, तो वाढला कसा? दुसरे म्हणजे, त्याच वेळी ड्राइव्हच्या इनपुट केबलला क्लॅम्प मीटर लावला तर जेमतेम ५ ते ६ अँपिअर दिसतात. बाहेर पडणारे १८ अँपिअर मग येतात कुठून? ११ किलोवॉटचा ड्राइव्ह आणि मोटर घ्यावी असा विचार चालू आहे, पण कारण समजल्याशिवाय खर्च करायला मन घेत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण आकडे नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. ड्राइव्ह किंवा मोटर बिघडलेली दिसत नाही, आणि मोठी मोटर तर आताच मुळीच घेऊ नका. आपण पंख्याचा नियम कन्व्हेयरला लावला आहे, दोष तिथे आहे.

सेंट्रिफ्यूगल पंख्याला लागणारा टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि पॉवर घनाच्या प्रमाणात. २० हर्ट्झ म्हणजे ४० टक्के वेग. तिथे टॉर्क पूर्ण वेगाच्या १६ टक्के आणि पॉवर साडेसहा टक्क्यांहूनही कमी लागते. कन्व्हेयरचे तसे नाही. पट्ट्यावर जेवढा माल आहे तेवढा ओढण्यासाठी लागणारे बल वेग कमी केला तरी जवळपास तेवढेच राहते, कारण ते वजनावर आणि घर्षणावर ठरते. वेग घटला की पॉवर त्याच प्रमाणात घटते, टॉर्क घटत नाही. आपल्या मोटरचा पूर्ण टॉर्क ९५५० गुणिले ७.५ भागिले १४४०, म्हणजे सुमारे ५० न्यूटन-मीटर आहे. जुन्या १२ अँपिअरवरून मी लोड ८० टक्के, म्हणजे ४० न्यूटन-मीटर धरतो. ५० हर्ट्झला लागत होते तेच ४० न्यूटन-मीटर १५ हर्ट्झलाही लागणार. मोटरमधले चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फ्लक्स, कायम असेल तर टॉर्क करंटमधून येतो. त्यामुळे सगळे ठीक असतानाही करंट १२ अँपिअरच्या आसपासच राहिला असता.

तो १८ वर गेला याचे कारण बहुधा कॉपी केलेल्या पॅरामीटरमध्ये आहे. फ्लक्स कायम ठेवण्यासाठी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी यांचे गुणोत्तर राखावे लागते. आपल्या मोटरसाठी ते ४१५ भागिले ५०, म्हणजे प्रति हर्ट्झ ८.३ व्होल्ट, आणि या हिशेबाने १५ हर्ट्झला साधारण १२५ व्होल्ट मिळायला हवेत. पंख्यासाठी मात्र अनेकदा वर्गाच्या प्रमाणात चढणारा व्ही/एफ कर्व्ह (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती व्होल्टेज द्यायचे ते ठरवणारी रेषा) निवडतात, कारण कमी वेगाला त्याला टॉर्क लागतच नाही आणि कमी फ्लक्समुळे वीज वाचते. त्या कर्व्हवर १५ हर्ट्झला फक्त ३७ व्होल्ट मिळतात. फ्लक्स तीस टक्क्यांवर येतो, आणि मोटर जास्तीत जास्त देऊ शकते तो टॉर्क फ्लक्सच्या वर्गाने उतरत असल्यामुळे नऊ टक्क्यांवर घसरतो. भरलेला पट्टा थांबला तो यामुळे. बूस्ट वाढवल्यावर थोडा फ्लक्स परत आला, पण पुरेसा नाही. उरलेली तूट मोटर जास्त करंट घेऊन भरून काढते आणि ती उष्णता वाइंडिंगमध्ये साठते.

इनपुटच्या कमी करंटमध्ये चुकीचे काही नाही. ड्राइव्ह आलेली एसी आधी डीसी करतो आणि तिच्यापासून हव्या त्या व्होल्टेजची आणि फ्रिक्वेन्सीची नवी एसी तयार करतो. आत येणारी आणि बाहेर जाणारी पॉवर जवळपास सारखी असते, करंट सारखा असायला हवा असे नाही. १५ हर्ट्झला मोटर शाफ्टवर पावणेदोन किलोवॉटसुद्धा देत नाही. आत ४१५ व्होल्टला थोडा करंट आणि बाहेर कमी व्होल्टेजला जास्त करंट, असा हा हिशेब आहे.

आता करायचे ते असे. कर्व्ह लीनिअर, म्हणजे कॉन्स्टंट टॉर्कचा करा आणि बूस्ट ३ टक्क्यांच्या आसपास आणा. थोडे बूस्ट हवेच, कारण ५ हर्ट्झला मिळणाऱ्या ४०-४२ व्होल्टमधला बराच वाटा वाइंडिंगचा रेझिस्टन्स खातो आणि भरलेला पट्टा हलवायची वेळ नेमकी तिथेच येते. जास्त बूस्टने मात्र मोटरमधले लोखंड सॅच्युरेट होऊन, म्हणजे त्याची फ्लक्स वाहण्याची क्षमता संपून, रिकाम्या पट्ट्यावरही करंट चढेल. नेमप्लेटचे सगळे आकडे भरून ऑटो-ट्यूनिंग करा, म्हणजे ड्राइव्हला मोटरची वैशिष्ट्ये स्वतः मोजू द्या. ड्राइव्हच्या लेबलवर नॉर्मल ड्यूटी आणि हेवी ड्यूटी असे दोन करंट लिहिले आहेत का तेही पाहा. सर्वसाधारणपणे पहिल्यात एक मिनिटासाठी ११० टक्के आणि दुसऱ्यात १५० टक्के ओव्हरलोड चालतो, आणि भरलेला कन्व्हेयर सुरू करायला दुसरा आकडा मोजावा लागतो.

पुन्हा धागालेखक

आपले अनुमान अचूक निघाले. व्ही/एफ कर्व्ह खरोखरच वर्गाचा होता. लीनिअर केला, बूस्ट ३ टक्के ठेवले आणि ऑटो-ट्यूनिंग केले. १५ हर्ट्झला भरलेल्या पट्ट्यावर आता १२.५ अँपिअर दिसतात आणि ड्राइव्ह थांबत नाही. लेबलवरचा हेवी ड्यूटीचा करंटही या कामाला पुरेसा आहे. मात्र दोन तासांनी मोटर पुन्हा बरीच तापते. टॅकोमीटरने शाफ्टचा वेगही अपेक्षेपेक्षा कमी दिसला. ५० हर्ट्झला याच लोडवर १४५० असे, म्हणून १५ हर्ट्झला ४३५ आरपीएम धरले होते. दिसले ४०० च्या आसपास.

प्रतिसाद

वेगाचे कारण स्लिप. टॉर्क आणि फ्लक्स तेवढेच असले की मोटर सिंक्रोनस वेगाच्या, म्हणजे तिच्यातल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगाच्या (आपल्या मोटरला ५० हर्ट्झला १५००, १५ हर्ट्झला ४५० आरपीएम), मागे राहते ते अंतर आरपीएममध्ये जवळपास तेवढेच राहते. १५०० मधून ५० गेले तर १४५०, ४५० मधून तेच ५० गेले तर ४००. ड्राइव्हमध्ये ही घट भरून काढणारे स्लिप कॉम्पेन्सेशन असेल तर ते चालू करा.

तापण्याचे कारण वेगळे आहे. मोटरच्या मागच्या बाजूचा कूलिंग पंखा तिच्याच शाफ्टवर बसलेला असतो. ४०० आरपीएमला तो फारच थोडी हवा फेकतो आणि करंट तर जवळपास पूर्ण आहे. स्वतंत्र मोटरचा ब्लोअर लावणे हा एक उपाय. पण आपला पट्टा २० हर्ट्झच्या वर जाणारच नसेल, तर मी आधी मोटर आणि गिअरबॉक्समधल्या पुलीकडे पाहीन. रिडक्शन, म्हणजे वेग कमी करण्याचे गुणोत्तर, दुप्पट केले तर पट्ट्याच्या त्याच वेगाला मोटर २४ ते ४० हर्ट्झवर फिरेल, मोटरवर येणारा टॉर्क निम्मा होईल आणि हवाही दुपटीने वाढेल. या कामात आपला हात माझ्यापेक्षा चांगला असणार.

पुन्हा धागालेखक

मोटरची पुली आधीच लहान होती, म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूची बदलून रिडक्शन दुप्पट केले. पट्ट्याचा वेग पूर्वीचाच ठेवला आहे. मोटर आता ३० हर्ट्झवर चालते, भरलेल्या पट्ट्यावर ८ अँपिअर घेते, आणि काल पूर्ण पाळी चालल्यानंतरही बॉडीवर हात ठेवता आला. मोठ्या मोटरची मागणी मी मागे घेतली आहे. मनापासून आभार.