मदत हवी आहे : हरल्यानंतर खेळाडू मनाने खरोखर वाढला, हे कसे ओळखावे?

नमस्कार. एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी मी राष्ट्रीय पातळीवरील वेटलिफ्टिंग खेळाडूंच्या मुलाखती घेत आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे (वजन आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर उचलण्याच्या प्रकाराचे) तिन्ही प्रयत्न वाया गेलेली मीराबाई चानू पुढच्याच वर्षी जागतिक विजेती झाली आणि टोकियोत एकूण २०२ किलो उचलून तिने रौप्यपदक मिळवले, हे सर्वांना ठाऊक आहे; परंतु पदक हा काही मानसिक वाढीचा पुरावा नव्हे, आणि माझे घोडे नेमके इथेच अडले आहे.

परवा एक खेळाडू अंगठ्यावरची टेप पुन्हा पुन्हा सोडत-गुंडाळत म्हणाली, "मॅडम, हरले ते बरंच झालं." ही खरी वाढ, की मनाची समजूत? टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांची, आघातानंतरची मानसिक वाढ मोजणारी १९९६ ची २१ विधानांची प्रश्नावली माझ्याकडे आहे, मात्र ती उत्तर देणाऱ्याच्याच सांगण्यावर विसंबते. तिचे प्रमाणित मराठी भाषांतर कोणी वापरले आहे का? शिवाय प्रशिक्षकांकडून किंवा घरच्यांकडून पडताळणी करायची झाल्यास, खेळाडूचा विश्वास न गमावता ती कशी करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.