होंडा शॅडो ७५० विकून हार्लेची सॉफ्टेल घ्यावी का? गाडीचं काम घरी करणाऱ्यांनी सांगा

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण जपानी क्रूझर बाइकवरून हार्ले-डेव्हिडसनवर गेलेल्यांनी प्लीज वेळ काढून वाचा.

माझ्याकडे नऊ वर्षं होंडा शॅडो ७५० आहे, एअरो मॉडेल, चेनऐवजी शाफ्टने मागचं चाक फिरवणारी. रस्त्यात एकदाही दगा दिलेला नाही, चेनची कटकट नाही, लिक्विड कूल्ड असल्यामुळे ट्रॅफिकमध्येही शांत असते. पहिल्याच वर्षी एका वर्कशॉपमध्ये ड्रेन बोल्ट असा आवळून दिला की आटेच गेले, तेव्हापासून मी गाडी कोणाच्या हातात दिलेली नाही. ऑइल, ब्रेक पॅड, टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हमधली फट) सगळं मीच करतो. स्क्रूवाले टॅपेट आहेत, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या घेऊन बसायचं, पट्टी जाताना बोटाला किंचित ओढ लागली की नट आवळायचा, अख्खी सकाळ जाते पण नंतर इंजिनचा आवाज ऐकून जीवाला बरं वाटतं.

आता मागच्या महिन्यात मित्राची सॉफ्टेल चालवली, १७४६ सीसीचं मिलवॉकी-एट इंजिनवालं मॉडेल, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर नुसता हात फिरवला आणि गाडी अशी ओढत गेली की गिअर पाडायची गरजच नाही. दोन सिलेंडरमधला कोन शॅडोच्या इंजिनात ५२ अंशांचा आणि हिच्यात ४५ अंशांचा, पण खरा फरक मला ठोक्यात जाणवला, हिचे दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच पिनला जोडलेले असल्यामुळे तो अडखळत पडणारा ठोका येतो ना, तो सीटमधून पोटापर्यंत पोचतो. कंपन कमी करणारे बॅलन्सर असल्यामुळे हात मात्र बधिर झाले नाहीत.

पण काही गोष्टींनी गोंधळलो. इंडिकेटर दोन हातांना दोन वेगळे, उजवीकडे वळताना माझा डावा अंगठा आपोआप बटण शोधत होता. साइड स्टँडवर टेकवली तर स्टँड थोडा हलला, मी घाबरून गाडी परत उचलली, मित्र म्हणाला पूर्ण वजन टाक मग लॉक होतो. आणि सिग्नलला थांबलो की मागच्या सिलेंडरची धग थेट उजव्या मांडीला. वजन जवळपास ३०० किलो, माझी २६० च्या आतली आहे, सरळ रस्त्यावर काही वाटत नाही पण यू टर्न घेताना पोटात गोळा आला, मागे बायको बसलेली असताना काय होईल हा विचार जास्त.

मुख्य प्रश्न मेंटेनन्सचा. सॉफ्टेलला ऑइलच्या दाबाने फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक लिफ्टर असल्यामुळे टॅपेट सेट करायला लागत नाहीत हे बरंच आहे, पण ऑइल तीन ठिकाणी, इंजिन, प्रायमरी (इंजिन आणि क्लचमधल्या चेनचा डबा) आणि गिअरबॉक्स वेगवेगळं. माझे सगळे पाने मिलिमीटरमधले, इथे इंचातले आणि टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराचे) लागणार. नवीन सेट घेईन, त्याचं काही नाही. पण सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्समुळे शेवटी डीलरकडेच जावं लागतं का? तुम्ही घरी कुठपर्यंत करता? मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टचा ताण स्वतः तपासता का, मागचं चाक काढून परत बसवणं एकट्याला जमतं का?

इंडियन कंपनीच्या स्काउटचाही विचार केला, २०२५ मॉडेलच्या आधीची ११३३ सीसीवाली, लिक्विड कूल्ड, वजनाला हलकी, म्हणजे डोक्याने बघितलं तर माझ्यासाठी तीच बरोबर. पण डबल ओव्हरहेड कॅमचं इंजिन, जोर मिळायला जास्त आरपीएमवर फिरवायला लागतं, तो ठोका तिच्यात नाही. स्काउट घरी उघडणारं कोणी असेल तर त्यांनीही लिहा.

रविवारी शॅडो बघायला एक जण येतोय. गिऱ्हाईक चांगलं वाटतंय, पण गाडी एकदा गेली की गेली, म्हणून त्याला हो म्हणायच्या आधी तुमचं ऐकायचंय. विकून नंतर पस्तावलेल्यांनी तर नक्की लिहा.